‘पडलं तर पडलं, पण ते दार लावत्यात ना!’ : विमानभयाचा एक प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात पाइप, ठिबक आणि मोटारपंपाचं दुकान चालवणारे हे गृहस्थ. वय एक्कावन्न. घरात आणि बाजारपेठेतही त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच म्हणू. लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अण्णा माझ्याकडे पुण्याला मानसोपचारासाठी आले ते जुलै २०२५ मध्ये. मुलगी जर्मनीत मास्टर्स करत होती आणि ऑक्टोबरात तिचा पदवीदान समारंभ होता. अण्णांनी आधी ‘सीझन आहे, दुकान कोण बघणार’ असं सांगितलं, मग कंबरदुखी पुढे केली, मग व्हिसाच्या बायोमेट्रिकची तारीख परस्पर पुढे ढकलली. शेवटी मुलगी फोनवर म्हणाली, “अण्णा, तुम्ही नाही आलात तरी चालेल, पण खोटी कारणं सांगू नका.” हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि सांगताना खिडकीबाहेर बघत राहिले.

सोबत आलेल्या वहिनींचं, म्हणजे अण्णांच्या पत्नीचं, म्हणणं होतं की हे सगळं अहमदाबादच्या अपघातापासून सुरू झालं. १२ जूनला लंडनला निघालेलं विमान उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचे १९ जण गेले. त्या दिवसांत अख्ख्या देशाने ते व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिले आणि कितीतरी लोकांची तिकिटं काढताना बोटं थबकली. अण्णाही पाहत होतेच. पण मागचं विचारत गेले तसं निघालं की पाइप कंपन्या डीलर लोकांना बँकॉक, दुबईच्या ज्या सहली देतात, त्या सगळ्या अण्णांनी गेली कित्येक वर्षं मेहुण्याला देऊन टाकल्या होत्या. मेहुणा खूश, बाजारपेठेत अण्णांचं नाव दिलदार म्हणून. अहमदाबादने भीती निर्माण केली नव्हती. लपवायला तोपर्यंत जी सबब लागत होती, तिची गरज संपवली. आता ‘नको बाबा विमान’ म्हटलं की समोरचाही मान डोलवत होता.

मूळ प्रसंग

अण्णांनी आयुष्यात एकदाच विमानप्रवास केला होता, २०१४ च्या डिसेंबरात, दिल्लीच्या कृषी प्रदर्शनासाठी. जाताना सगळं ठीक होतं. दिल्लीजवळ पोहोचल्यावर धुक्यामुळे उतरायला परवानगी मिळेना, म्हणून विमान वर घिरट्या घालू लागलं. पट्टे बांधून ठेवायची खूण लागलेली. अण्णा खिडकीकडेला, बाजूला दोघे झोपलेले. त्यांना लघवीला जायचं होतं. उठले तर हवाईसुंदरीने बसायला सांगितलं. त्यानंतरच्या काही मिनिटांत छातीत धडधड, घशात आवळल्यासारखं, हाताच्या बोटांना मुंग्या, आणि ‘मी आत्ता उठून दार उघडायला धावणार’ असा विचार. ते धावले नाहीत. कुणाला काही कळलंही नाही. परतीचं विमानाचं तिकीट फाडून ते झेलम एक्सप्रेसने पुण्याला आले.

साताऱ्यात ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिल टेस्ट, सगळं झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका,” आणि झोपेच्या वेळी लागली तर म्हणून अल्प्राझोलम या घबराट कमी करणाऱ्या गोळीची एक पट्टी लिहून दिली. त्यातल्या दोन गोळ्या अण्णांच्या पाकिटात तेव्हापासून होत्या. मुदत संपली की नवीन आणून ठेवायचे. घ्यायचे कधीच नाहीत.

पहिल्या भेटीत मी विचारलं, विमान पडेल अशी भीती वाटते का? अण्णा जवळजवळ वैतागले. “पडलं तर पडलं मॅडम, आपल्या हातात काय हाय? पण ते दार लावत्यात ना!”

माझ्या मते हे प्रकरण या एका वाक्यात उलगडलं. विमानाची भीती म्हणून जे काही माझ्याकडे येतं, त्यात निदान दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. काहींना अपघाताची भीती असते: हादरे बसले की पंख तुटेल, इंजिन बंद पडेल. काहींना स्वतःच्या शरीराची भीती असते: आत अडकलो आणि मला काही झालं, मी ओरडलो, वेड्यासारखं वागलो, तर? दोघेही तिकीट काढत नाहीत, म्हणून बाहेरून सारखेच दिसतात. अण्णा दुसऱ्या गटातले. आणि दहा-अकरा वर्षं घरचे, मित्र, मेहुणा सगळे त्यांना पहिल्या गटाचं औषध पाजत होते.

ते औषध म्हणजे आकडे. ते खोटे नसतात. जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या, आयाटाच्या, नोंदीनुसार २०२४ मध्ये चार कोटींहून अधिक उड्डाणं झाली आणि त्यात जीवघेणे अपघात सात होते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. अण्णांना हे पाठ होतं. ते स्वतः दुसऱ्यांना सांगायचे. दार बंद होण्याच्या भीतीला या आकड्यांत उत्तर कुठे आहे?

तपासताना सापडलेल्या गोष्टी

भीती फक्त विमानापुरती आहे की आणखी कुठे पसरली आहे, हे बघणं गरजेचं होतं. अण्णा माणूस तसा धाडसी. रात्री-अपरात्री एकटे घाट उतरतात, विहिरीत उतरून मोटार बघतात. पण साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागला की गाडीच्या काचा खाली. गाडी नेहमी स्वतःच चालवायची. दुसरा चालवत असेल तर पुढची सीट. थिएटरात कडेची खुर्ची. आणि ज्या कंबरदुखीची सबब मुलीला सांगितली होती ती खरीच होती, फक्त तिच्यासाठी सांगितलेला एमआरआय त्यांनी अर्ध्यात सोडला होता. नळीत गेल्यावर हातातला बल्ब दाबून बाहेर आले आणि ‘मशीन गरम लागतंय’ असं सांगून निघून गेले.

म्हणजे अडकून पडण्याची भीती, आणि विमान हे तिचं सगळ्यात मोठं रूप. एरवी, बसल्याजागी, कारणाशिवाय असे झटके येत नव्हते, बाजारात, गर्दीत, एकटं फिरायला अडचण नव्हती. म्हणून पॅनिक डिसऑर्डर न धरता परिस्थितीशी बांधलेला विशिष्ट फोबिया, म्हणजे ठरावीक प्रसंगांपुरतीच तीव्र भीती, असं निदान धरलं. मानसोपचारतज्ज्ञांनाही एकदा दाखवलं, कारण गोळ्यांचा निर्णय माझ्या अखत्यारीतला नाही.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ‘एक गोळी घे आणि झोप’ किंवा ‘दोन पेग मार आणि बस’ हा सल्ला आपल्याकडे चहाबरोबर फुकट मिळतो. फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विमानाची भीती असलेल्या २८ स्त्रियांना आठवड्याच्या अंतराने दोनदा विमानातून नेलं. पहिल्या वेळी निम्म्या जणींना अल्प्राझोलम, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. दुसऱ्या वेळी कुणालाच काही नाही. पहिल्या प्रवासात खऱ्या गोळीवाल्यांना बरं वाटलं, पण दुसऱ्या प्रवासात त्यांच्यातल्या ७१ टक्के जणींना पॅनिक अटॅक आला. खोट्या गोळीवाल्यांमध्ये हे प्रमाण २९ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण रोजच्या कामात मला जे दिसतं त्याच्याशी जुळणारा आहे. गोळीने प्रवास पार पडतो, पण ‘मी पार पाडला’ ही नोंद डोक्यात होत नाही. श्रेय गोळीला जातं. आणि त्यावर दारू म्हणजे तर सरळ धोका. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

अण्णांच्या पाकिटातल्या न घेतलेल्या गोळ्याही हेच काम करत होत्या. बोगद्यातल्या उघड्या काचा, कडेची खुर्ची, हे सगळं त्याच जातीचं. टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटल्यासारखं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं.

उपचार

सुरुवात श्वासापासून केली. हृदयाच्या तपासण्या स्वच्छ होत्या म्हणूनच हे करता आलं, ते आधी सांगते. मी अण्णांना म्हटलं, खुर्चीत बसून एक मिनिटभर मुद्दाम भराभरा, खोल श्वास घ्या. अर्धं मिनिट गेलं आणि ते थांबले, हात पुढे करून बोटांकडे बघायला लागले. “ह्येच! दिल्लीला ह्येच झालतं!” बोटांना मुंग्या, डोकं हलकं, ओठ बधिर. घाबरलो की आपण गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, गरगरतं, आणि गंमत म्हणजे श्वास कमी पडतोय असंच वाटतं. अकरा वर्षं ज्याला ते हार्टचा त्रास किंवा वेड लागण्याची सुरुवात समजत होते, ते माझ्या खोलीत पंख्याखाली बसून त्यांनी स्वतः तयार केलं आणि दोन-तीन मिनिटांत ते आपोआप गेलंही. मग घरी रोज तोच सराव. कधी भराभर श्वास, कधी बारीक स्ट्रॉमधून श्वास, कधी फिरत्या खुर्चीवर गरागरा. दुकानातली पोरं काय म्हणत असतील, देव जाणे.

विमानाची तांत्रिक माहिती मी बेताचीच दिली. पहिल्या गटातल्या लोकांना तिचा फार उपयोग होतो: उडाल्यावर थोड्याच वेळात इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करतात, तेव्हा आवाज उतरतो आणि पोटात खड्डा पडतो, ते विमान पडत नसतं, धाडकन आवाज चाकं आत गेल्याचा असतो, एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असताना कुत्रं भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा जो आवाज येतो तो हायड्रॉलिकच्या एका यंत्राचा असतो. अण्णांना यातलं एकच मनापासून आवडलं. विमानाला प्रत्यक्षात जास्तीत जास्त जेवढा ताण अपेक्षित असतो, त्याच्या दीडपट ताण पंखांनी सोसला पाहिजे असा नियम आहे. बोइंग ७८७ च्या चाचणीत २०१० साली पंखांची टोकं सुमारे २५ फूट वर वाकवली होती. “म्हणजे सहा किलो दाबाचा पाइप नऊ किलो दाबावर तपासायचा,” अण्णा म्हणाले. अगदी तसंच.

त्यांच्या खऱ्या शंका वेगळ्या होत्या. आतली हवा संपली तर? विमानात बाहेरून सतत ताजी हवा घेतली जाते, उरलेली गाळून फिरवतात आणि दोन-तीन मिनिटांत सगळी हवा बदलते. आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाई सुमारे ५४०० फूट. म्हणजे तिच्याहून थोडं वर. अण्णांना कळसूबाईवर कधी गुदमरलं नव्हतं.

मग पायऱ्या ठरवल्या. जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात ही टप्प्याटप्प्याने भिडायची पद्धत रुजवली. भीतीला शून्य ते शंभर गुण द्यायची रीतही त्यांचीच. हल्ली आम्ही एक भर घालतो: प्रत्येक वेळी आधी लिहून ठेवायचं की नक्की काय वाईट होणार आहे, आणि नंतर लिहायचं की काय झालं. अण्णा हे डिलिव्हरी चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. एक नमुना माझ्याकडे आहे. आधी: “बोगदा, काचा बंद. गाड्या थांबल्या तर मी गाडी सोडून पळीन. ७०.” नंतर: “ट्रक आडवा. खरंच थांबलो. घाम आला. पळालो नाही. परत ५० वर आलं.”

बोगद्यानंतर गाडीत मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये. मग लिफ्ट. मग स्वारगेट ते सातारा विनाथांबा एसटी, खिडकीकडेची जागा, पाणी बरोबर न घेता. ही एसटी मला फार उपयोगी वाटते. मध्ये उतरता येत नाही, शेजारी कुणीतरी ऐसपैस बसतंच, आणि खर्च नगण्य. डोळ्यांपुढे आभासी दृश्य उभं करणाऱ्या महागड्या व्हीआर चष्म्यांनी हे काम होतं, बार्बरा रॉथबॉम यांनी २००० साली ते दाखवलंही, पण सातारच्या माणसाला एसटी जास्त जवळची.

याच सुमारास बोलण्यात एक ‘च’ सापडला. ‘मला वाटेल तेव्हा उठता आलंच पाहिजे.’ महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, असा ‘च’चा हट्ट सोडायला शिकवणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती इतकी घरोघरी नेली आहे की अण्णांच्या दुकानाशेजारच्या निवृत्त शिक्षकांनी ते आधीच ओळखलं होतं म्हणे. उठता आलं तर बरं. नाही आलं तर अवघड जाईल, पण निभेल. एवढा बदल. वाचायला सोपा, घोटायला महिनाभर.

पहिलं उड्डाण

थेट नऊ तासांच्या प्रवासाला न जाता पुणे-नागपूर करायचं ठरलं, एकट्याने, खिडकीकडेला, पाकिटातल्या गोळ्या घरी ठेवून. दोन दिवस आधी वहिनींचा फोन आला: अण्णांनी नागपूरहून परतीचं रेल्वेचं तिकीटही गुपचूप काढून ठेवलं आहे. मी अण्णांना एवढंच विचारलं, हे तिकीट खिशात असताना तुम्ही विमानात बसाल ते कशाच्या जोरावर? त्यांनी ते रद्द केलं. कापलेल्या पैशांचा उल्लेख मात्र ते अजून करतात.

त्या दिवशी लोहगावला अण्णांना ज्याची सगळ्यात जास्त भीती होती, तेच झालं. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे; लढाऊ विमानांच्या हालचाली असल्या की प्रवासी विमानं थांबतात. दार लावलं, विमान धावपट्टीकडे निघालं आणि मध्येच उभं राहिलं. चलनावर लिहिलं होतं: “दार लागल्यावर दहा मिनिटांत ओरडणार. ९०.” ते ९० पर्यंत गेलेही. मुंग्या आल्या. ठरल्याप्रमाणे त्यांनी श्वास मोजत बसायचं नाही, फोनवर गाणी लावायची नाहीत, फक्त जे होतंय ते होऊ द्यायचं होतं. “आता काय करतंय बघू म्हटलं,” असं त्यांनी नंतर सांगितलं. विमान हललं तेव्हा आकडा ५५ होता, आणि अण्णांनी तो कमी करायला काहीच केलं नव्हतं. मला विचाराल तर त्या खोळंब्याने जे केलं ते वेळेवर सुटलेल्या विमानाने केलं नसतं.

मोठ्या प्रवासाआधीचे दिवस

फ्रँकफर्टचं तिकीट मी पैसे परत न मिळणारं काढायला लावलं. वहिनींना हे पटलं नव्हतं.

यात विमानापेक्षा आधीचे आठ दिवस जड गेले, आणि हे बहुतेकांचं होतं. अण्णा रात्री दोनला उठून हवामानाचं अ‍ॅप बघायचे, मग मुंबईहून निघालेली विमानं नकाशावर कुठे पोहोचली ते बघत बसायचे. ते बंद केलं. काळजी करायला संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास नेमून दिला. एरवी आली की ‘साडेआठला ये’ म्हणायचं. झोप लागलीच पाहिजे हा आग्रह सोडायला सांगितला, कारण एका जागरणाने माणूस काही प्रवासाला नालायक होत नाही. सामान दोन दिवस आधी भरून ठेवलं. आणि घरच्यांना एक ताकीद: दर दहा मिनिटांनी ‘बरं वाटतंय ना?’ विचारायचं नाही. प्रेमापोटी विचारलेला हा प्रश्न माणसाला पुन्हा स्वतःची नाडी तपासायला बसवतो.

मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान. दार लागताना ६०, मग जेवण येईपर्यंत ३०. वहिनी झोपल्या. अण्णा जागेच होते, पण बसून होते. पुढे श्टुटगार्टपर्यंत रेल्वे, समारंभ, फोटो, ते सगळं घरच्यांना दाखवून झालं आहे.

परतीत मात्र त्रास झाला. मुंबईवर गर्दी असल्याने विमान घिरट्या घालत राहिलं, पट्ट्याची खूण लागली, आणि दिल्लीची आठवण उसळून ८५ पर्यंत गेली. अण्णांनी वहिनींचा हात घट्ट धरला. नंतर मला सांगताना त्यांना ते हरल्यासारखं वाटत होतं. मी तसं मानत नाही. बरं होणं म्हणजे भीती न वाटणं असं आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. तरी हात धरणं ही पुढे सवय होऊ नये म्हणून पुढचा एखादा प्रवास पुन्हा एकट्याने करावा असं सुचवलं आहे.

जानेवारीत पाइप कंपनीची सहल व्हिएतनामला होती. मेहुण्याला या वेळी तिकीट मिळालं नाही, त्याबद्दल तो थोडा नाराज आहे. अण्णांना विमान अजूनही आवडत नाही आणि आवडावं असा माझा आग्रहही नाही. कंबरेचा एमआरआय तेवढा राहिला आहे. त्याची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकलली. सध्या ते रोज रात्री जेवणानंतर पलंगाखाली सरकून, मोबाइलवर एमआरआय मशीनचा आवाज लावून वीस मिनिटं पडून राहतात.